सांगली स्टेशन: फाट्यावरून मुख्य मार्गावर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नोकरीनिमित्त तुम्ही नुकतेच सांगलीत आलात. स्टेशन चौकात गेलात तर तिथे रेल्वेचा मागमूस नाही. जिल्ह्याचं ठिकाण सांगली, पण ज्याला विचारावं तो "मिरजेहून गाडी धरा" म्हणतो. हे असं का, सांगली स्टेशनचा इतिहास काय, आणि आज कुठली गाडी कुठून धरणं शहाणपणाचं, असं तुम्ही विचारलंय. माझी नोकरी याच मार्गावर स्टेशन मास्तर म्हणून झाली आणि आता विश्रामबागेत राहतो. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सांगलीला रेल्वे आली ती मुख्य मार्ग म्हणून नव्हे, फाटा म्हणून. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की बाकीचं कोडं आपोआप सुटतं.

1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळात दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात माणसं अन्नावाचून मेली. धान्य दुसरीकडे होतं, पण ते इथवर आणायला मार्ग नव्हता. त्या अनुभवानंतर या भागासाठी रेल्वेची आखणी झाली आणि 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहिली. तिने मीटरगेज, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेले मार्ग टाकले. त्यातला एक पुण्याहून निघून नीरा, वाठार, कराड, मिरज, बेळगाव करत लोंढ्याला पोचला. 1890 च्या सुमारास तो सलग झाला. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मुरगाव बंदर गाठता येत होतं. कंपनीचं लक्ष होतं बंदराकडे आणि कापसाच्या मुलखाकडे. वाटेतल्या गावांच्या सोयीसाठी वळणं घेण्याची तिला गरज वाटली नाही.

त्यामुळे दोन मोठी गावं हुकली. साताऱ्याच्या लोकांना कोरेगाव तालुक्यातल्या सातारा रोडला उतरून पुढे रस्त्याने जावं लागे. महाबळेश्वर-पाचगणीला जाणारे वाठारला उतरत. आणि सांगली हुकली ती अगदी जवळून. भिलवडी, नांद्रे करत आलेला रूळ बुधगावच्या शिवारातून, आज जिथे माधवनगर आहे तिथून, सरळ मिरजेला गेला.

यात संस्थानांचा भूगोलही आहे. पटवर्धनांच्या जहागिरीच्या वाटण्या होत गेल्या. 1801 मध्ये चिंतामणराव आप्पासाहेबांनी मिरजेपासून वेगळं होऊन सांगलीला गादी केली. मिरजेच्या पुढे थोरली आणि धाकटी अशा दोन पाती झाल्या, आणि धाकट्या पातीची राजधानी होती बुधगाव. म्हणजे रूळ धाकट्या पातीतून थोरल्या पातीत गेला आणि दोघांच्या शेजारची सांगली, जी व्यापारात पुढे होती, ती बाजूला राहिली. बुधगावकरांनी स्टेशनच्या आधाराने माधवनगरची पेठ वसवली. सांगलीची हळद आणि गूळ मात्र बैलगाडीत घालून रेल्वेपर्यंत न्यावा लागे.

सांगली संस्थानने हा प्रश्न स्वतःच्या पैशाने सोडवला. 1907 मध्ये मिरज ते सांगली असा पाच मैलांचा मीटरगेज फाटा सुरू झाला. नाव सांगली स्टेट रेल्वे. रूळ संस्थानचे आणि गाड्या चालवायची कंपनी, अशी व्यवस्था होती. तेव्हा गादीवरचे चिंतामणराव दुसरे अल्पवयीन होते आणि कारभार ब्रिटिशांनी नेमलेल्या प्रशासकाकडे होता. पाच मैलांच्या रेल्वेला कोणी फार मोठं काम म्हणणार नाही, पण एका लहानशा संस्थानने आपल्या पेठेसाठी ती उभी केली हे मला आजही मोलाचं वाटतं. या फाट्याचं शेवटचं स्टेशन शहरात होतं, आणि तुम्ही शोधत गेलात तो स्टेशन चौक त्याचाच. रूळ गेले, पत्ता राहिला.

आता मिरज मोठी का झाली ते बघा. नुसता मुख्य मार्ग मिळाला म्हणून नाही. 1891 मध्ये कोल्हापूर दरबारच्या पैशाने मिरज-कोल्हापूर मार्ग सुरू झाला आणि मिरज जंक्शन झाली. मग 1907 चा सांगली फाटा. मग 1927 मध्ये पंढरपूरहून बार्शी लाइट रेल्वे मिरजेला येऊन मिळाली. बार्शी लाइटची कथा स्वतंत्र लिहावी अशी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत ती सुरू केली. रुळांतलं अंतर फक्त 762 मिलिमीटर. इतक्या अरुंद रुळावर जड माल नीट वाहून नेता येतो हे त्याने डब्यांची आणि चाकांची रचना नीट विचारपूर्वक करून दाखवून दिलं. पुढे ती लातूर, पंढरपूर आणि शेवटी मिरजेपर्यंत पोचली. वारकऱ्यांना तिचा फार मोठा आधार होता. 1954 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली.

त्यात 1971 मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेज आलं, रुळांतलं अंतर 1676 मिलिमीटर. तेव्हापासून पुढची काही दशकं मिरजेच्या यार्डात तीन मापांचे रूळ शेजारी शेजारी नांदत होते. मुंबई-पुण्याहून येणारी मोठी गाडी ब्रॉडगेजवर, बेळगाव-हुबळी-गोव्याकडे जाणारी मीटरगेजवर, पंढरपूरची नॅरोगेजवर. बेळगावला जाणाऱ्या माणसाला मिरजेला सामानासकट उतरून दुसरी गाडी धरावीच लागे. मालाचं त्याहून अवघड. एका मापाच्या वाघिणीतली पोती हमालांनी पाठीवर घेऊन दुसऱ्या मापाच्या वाघिणीत भरायची. सिमेंट, खत, साखर, धान्य, सगळं असंच पाठीवरून जायचं. पोत्यामागे थोडी सांडलवंड ठरलेली, आणि पावसाळ्यात खत भिजलं की पावत्यांवरून वाद ठरलेला. या अदलाबदलीवर मिरजेत हजारो लोकांची चूल पेटत होती. स्टेशनबाहेरची हॉटेलं, लॉज, टांगेवाले, रात्रभर चालणारा चहा, सगळं त्यातून आलं. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत सुरू केलेल्या मिशन दवाखान्याला लांब लांबून रुग्ण मिळाले, त्यामागेही हेच जंक्शन होतं. कर्नाटकातला, कोकणच्या वरच्या अंगाचा, सोलापूरकडचा पेशंट एका गाडीने मिरजेत उतरू शकत होता. आज मिरज वैद्यकीय गाव म्हणून ओळखली जाते, त्याचं अर्धं श्रेय मी रुळांना देतो.

बेळगावकडचं मीटरगेज 1990 च्या दशकात बदललं, पंढरपूरकडचं नॅरोगेज 2010 च्या सुमारास. आता मिरजेत एकच माप आहे.

सांगलीच्या दृष्टीने खरी कलाटणी 1971 चीच. ब्रॉडगेज टाकताना जुन्या रुळांवरच नवे रूळ अंथरले नाहीत, बऱ्याच ठिकाणी मार्ग नव्याने आखला. तेव्हा सातारा शहराला माहुलीजवळ स्वतःचं स्टेशन मिळालं, आणि नांद्र्याहून मिरजेला जाणारा मार्ग सांगलीवरून फिरवला. सांगली फाट्यावरून थेट मुख्य मार्गावर आली. नवं स्टेशन जुन्या पेठेपासून थोडं लांब, माधवनगरच्या अंगाला गेलं, आणि विश्रामबागेतही थांबा आला. विलिंग्डन कॉलेज 1919 पासून आणि वालचंद कॉलेज 1947 पासून याच भागात असल्याने पॅसेंजर गाडीने येणारी मुलं आमच्या रोजच्या पाहण्यातली.

मग प्रश्न उरतो की मुख्य मार्गावर येऊनही सांगलीला मिरजेची सर का आली नाही. उत्तर यार्डात आहे. गाडी सुरू करायची किंवा संपवायची तर ती धुवायला, तपासायला, पाणी भरायला वेगळ्या लाइन लागतात, इंजिन फिरवायला आणि डबे जोडायला जागा लागते, गार्ड आणि ड्रायव्हर बदलायला रनिंग रूम, म्हणजे त्यांची विश्रांतीची जागा, लागते. हे सगळं मिरजेत शंभर वर्षांत साठत गेलं होतं. सांगलीला ते दुसऱ्यांदा उभं करण्याचं रेल्वेला कारण नव्हतं, कारण मिरज हाकेच्या अंतरावर. म्हणून सांगलीला थांबे मिळाले, जंक्शनपण मिळालं नाही. यात सांगलीवर अन्याय झाला असं मला वाटत नाही. दोन स्टेशनांची कामं वेगळी आहेत, आणि ती समजून वापरली तर प्रवाशाचा फायदाच आहे.

कारभार कोणाकडे होता हेही यात येतं. 1908 मध्ये सदर्न मराठा कंपनी मद्रास रेल्वेत मिसळून मद्रास अँड सदर्न मराठा झाली. 1951 मध्ये तिची दक्षिण रेल्वे झाली. 1966 मध्ये दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि आमचा भाग तिच्याकडे गेला. म्हणजे सांगलीच्या थांब्याचा कागद आधी मद्रासला आणि नंतर सिकंदराबादला फिरायचा. मराठीत लिहिलेला अर्ज तिथे कोण वाचणार, असं लोक विचारत आणि त्यात तथ्य होतं. पुढे हा भाग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आला, तेव्हा अंतर एकदम कमी झालं. जुन्या दिवसांची एक खूण अजून आहे. कोल्हापूर-मुंबई महालक्ष्मी एक्सप्रेस महाराष्ट्राबाहेर जातच नाही, तरी तिचा नंबर 17411 आणि 17412 असा आहे. त्यातला दुसरा आकडा, सात, दक्षिण मध्यच्या काळातला.

एकेरी मार्गाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण या मार्गावरच्या गाड्या वर्षानुवर्षं उशिरा का धावत होत्या ते त्याशिवाय समजत नाही. पुणे-मिरज हे सुमारे 280 किलोमीटर अंतर, आणि दोन स्टेशनांच्या मध्ये एकच रूळ. समोरून गाडी येत असेल तर एकीला लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभं राहावं लागणार. आमच्या पिढीने सुरुवातीला टोकनवर गाड्या चालवल्या. दोन शेजारच्या स्टेशनांवर दोन लोखंडी यंत्रं, तारेने एकमेकांना जोडलेली, आणि त्यांच्या पोटात धातूचे गोळे. मी नांद्र्याला आहे आणि गाडी भिलवडीकडे सोडायची आहे, तर आधी घंटीच्या ठोक्यांनी भिलवडीला विचारायचं. तिथल्या मास्तरने आपली लाइन मोकळी आहे याची खात्री करून मूठ फिरवली, तरच माझ्या यंत्रातून गोळा सुटणार. एक गोळा बाहेर असला की दोन्हीपैकी कुठल्याच यंत्रातून दुसरा निघत नाही. त्यामुळे एका तुकड्यात दोन गाड्या समोरासमोर येणं अशक्य.

गोळा हातात आला की त्यावर कोरलेली स्टेशनांची नावं मोठ्याने वाचायची, मग तो चामड्याच्या पिशवीत घालायचा. पिशवीला वेताचं मोठं कडं. न थांबणारी गाडी असेल तर पॉइंट्समन ते कडं उंच धरून फलाटाच्या कडेला उभा राहायचा, रात्री शेजारी मशाल. इंजिनातला सहायक हात बाहेर काढून दंडात कडं अडकवून घ्यायचा आणि मागच्या तुकड्याचं कडं खाली टाकायचा. गाडीचा वेग त्यासाठी कमी करावा लागे, आणि दंडावर फटका बसून काळेनिळे वळ उठलेले सहायक आम्ही नेहमी बघत असू. कडं चुकलं तर गाडी थांबवायची, माणसाने पळत जाऊन ते शोधायचं, मग पुढे. एका गाडीला असे पाच मिनिटं गेले की तिच्यासाठी लूपवर थांबलेल्या तिघींचं वेळापत्रक कोलमडलं.

त्यात सालप्या-आदर्कीचा आणि शिंदवण्याचा घाट. चढावर जड मालगाडी रांगत जाणार आणि तिच्यामागे एक्सप्रेस ताटकळणार. प्रवासी मास्तरला बोलायचे, आणि मास्तरच्या हातात काहीच नसायचं.

आता बहुतेक मार्ग दुहेरी झाला आहे आणि विजेच्या तारा आल्या आहेत. सिग्नल आणि सांधे पडद्यावर बघून फिरवतात. या एका कामाने जो फरक पडला, तो दहा नव्या गाड्यांनी पडला नसता. त्याची किंमत गावानेही मोजली आहे. माधवनगर रस्त्यावरचा चिंतामणीनगरचा उड्डाणपूल यासाठी पाडून नवा बांधावा लागला, आणि त्या काळात माधवनगर-बुधगावच्या लोकांनी रोज वळसे घातले. जुन्या पुलाखाली वाढीव रूळ मावतच नव्हते, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता.

इतिहासातले दोन प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिला 7 जून 1943 चा. शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची रक्कम घेऊन जाणारी गाडी अडवली. ज्या रेल्वेने इंग्रज सरकारचा पैसा आणि पोलीस या मुलखात फिरत होते, तिच्यावरच हा हल्ला होता. ते पैसे कोणी घरी नेले नाहीत, चळवळीच्या कामाला गेले. शेणोलीहून गाडी जाताना मी आजही खिडकीतून बाहेर बघतो. त्याच पट्ट्यात पुढे किर्लोस्करवाडी आहे. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांकडून मिळालेल्या माळरानावर कारखाना उभारला, तेव्हा त्या स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं. निवडुंगाने भरलेल्या त्या जागेची सगळ्यात मोठी जमेची बाजू होती शेजारून जाणारा रूळ. लोखंड आत यायला आणि नांगर बाहेर जायला.

दुसरा प्रसंग 2016 चा, लातूरला पाणी नेणाऱ्या जलदूत गाडीचा. लातूर कोरडं पडलं होतं. राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपमध्ये तेलाच्या टाक्यांच्या वाघिणी आतून वाफेने धुऊन मिरजेला आणल्या. कृष्णेचं पाणी यार्डात आणून त्या भरल्या आणि 11 एप्रिलला पहिली गाडी निघाली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. दुसऱ्या दिवशी पहाटे ती लातूरला पोचली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी रोजची झाली, एका फेरीत 25 लाख लिटर. मिरज-लातूर हा मार्ग मुळात बार्शी लाइटचा. नॅरोगेज राहिलं असतं तर हे पाणी गेलंच नसतं. दुष्काळामुळे आलेल्या रेल्वेने सव्वाशे वर्षांनी पुन्हा दुष्काळातच हात दिला, याचं आम्हा रेल्वेच्या माणसांना फार समाधान वाटलं.

आता तुमच्या कामाचं.

पुणे-मुंबईकडे जायचं असेल तर सांगली स्टेशन पुरेसं आहे, मिरजेला जाऊ नका. महालक्ष्मी रात्रीची, सकाळी मुंबईत. कोयना दिवसाची. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून गोंदियापर्यंत जाते, एकाच राज्यात एवढं लांब अंतर तोडणारी गाडी क्वचितच सापडेल. दिल्लीकडे गोवा एक्सप्रेस. 16 सप्टेंबर 2024 पासून दोन वंदे भारत सुरू झाल्या, एक कोल्हापूर-पुणे आणि एक हुबळी-पुणे, दोन्ही सांगलीला थांबतात. त्या आठवड्यातले ठरावीक दिवसच धावतात, म्हणून वार बघूनच बेत करा. सह्याद्री एक्सप्रेस 2020 मध्ये बंद पडली आणि 2023 मध्ये परत आली ती पुण्यापर्यंतच. मुंबईपर्यंतच्या सह्याद्रीच्या आठवणीवर कोणी सल्ला दिला तर तपासून घ्या.

बेळगाव-हुबळी-बंगळूरकडे जायचं तर राणी चन्नम्मा आता सांगलीहूनच सुटते. सांगलीला चढलात तर बसायला निवांत वेळ मिळतो. पुण्याहून येऊन बेळगावकडे जाणाऱ्या बाकीच्या गाड्याही सांगलीवरून जातात, मात्र त्यातल्या प्रत्येकीला सांगलीला थांबा आहेच असं समजू नका.

मिरजेला जावंच लागतं ते कोल्हापूरहून निघून दुसऱ्या दिशांना जाणाऱ्या गाड्यांसाठी. तिरुपतीची हरिप्रिया, पंढरपूर-लातूरमार्गे जाणारी नागपूरची गाडी, धनबादची दीक्षाभूमी. या कोल्हापूरहून मिरजेला येतात आणि तिथूनच आपापल्या दिशेने वळतात. सांगलीकडे त्या येतच नाहीत. हरिप्रियाच्या बाबतीत एक ध्यानात ठेवा. कोल्हापूरचा आणि बेळगावचा रूळ मिरजेच्या एकाच टोकाला येऊन मिळतात, त्यामुळे तिथे इंजिन पुढून काढून मागे लावतात आणि गाडी उलट्या दिशेने निघते. फलाटावर डब्यांचा क्रम बघताना आणि आत बसल्यावर "गाडी परत चालली की काय" म्हणून नवखे प्रवासी गोंधळतात. घाबरू नका.

आषाढी-कार्तिकीला मिरजेहून पंढरपूरसाठी जादा गाड्या सोडतात. त्या दिवसांत मिरजेच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. तुमची दुसरी गाडी असेल तर तासभर आधी पोचा.

तिकिटाबद्दल. आगाऊ आरक्षण आता 60 दिवस आधी सुटतं. तत्काळ आदल्या दिवशी, वातानुकूलितचं सकाळी 10 वाजता आणि स्लीपरचं 11 वाजता. ऑनलाइन तत्काळसाठी आधार जोडलेलं खातं लागतं. साध्या तिकिटासाठी मोबाइलवर रेल्वेचं रेलवन अ‍ॅप चालतं, खिडकीवर रांग लावायची गरज नाही. तरी वयस्कर माणसांना खिडकीच बरी वाटते, आणि सवलतीचे काही फॉर्म खिडकीवरच होतात.

कोटा ही गोष्ट नीट समजून घ्या. मधल्या स्टेशनला मिळणाऱ्या जागा आणि गाडी सुटते तिथल्या जागा एकाच हिशोबात नसतात. सांगलीहून वेटिंग दाखवत असेल आणि कोल्हापूरहून त्याच गाडीत जागा असेल, असं पुष्कळदा दिसतं. तेव्हा कोल्हापूरहून तिकीट काढून चढण्याचं स्टेशन सांगली असं बदलता येतं, चार्ट लागण्याआधी. भाडं थोडं जास्त पडतं आणि ते नियमात बसतं. पण एकदा चढण्याचं स्टेशन बदललं की आधीच्या स्टेशनवर चढण्याचा हक्क जातो. आणि स्टेशन न बदलता सांगलीला येऊन उभे राहिलात, तर टीसी तुमची जागा दुसऱ्याला देऊ शकतो. सणासुदीला असं बदल न करता आलेले लोक फलाटावर हुज्जत घालताना दर वर्षी दिसतात.

ही युक्ती अडचणीपुरतीच वापरा, असं मी मुद्दाम सांगतो. सांगलीला जागा मिळत असताना सवयीने मिरज किंवा कोल्हापूर टाकू नका. कुठल्या स्टेशनला किती उत्पन्न आहे ते तिकीट कुठून कुठे काढलं त्यावरून मोजलं जातं. सांगलीचे हजारो लोक वर्षानुवर्षं मिरजेचं तिकीट काढून सांगलीला चढले, आणि कागदावर सांगली लहान दिसत राहिली. थांबा मागायला गेलेल्या लोकांना मग तेच आकडे दाखवले जातात. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेलो आहे, म्हणून हे ठामपणे सांगू शकतो.

स्टेशनवरच्या सोयी म्हणाल तर आरक्षण खिडकी, पार्सल, प्रतीक्षालय, पादचारी पूल हे सगळं आहे, आणि सांगली-मिरज दोन्ही स्टेशनं अमृत भारत योजनेत असल्याने कामं निघत असतात. जिना नेमका कुठल्या बाजूने उघडा आहे ते गाडीच्या वेळेच्या थोडं आधी बघून ठेवा. आजारी माणूस किंवा चाकाची खुर्ची बरोबर असेल तर रेल्वेच्या 139 या मदत क्रमांकावर आधी कळवा आणि पोचल्यावर स्टेशन मास्तरला भेटा. मास्तरची खोली प्रवाशांसाठीही असते, तिथे जायला लोक उगाच बिचकतात. दुचाकी पार्सलने पाठवायची असेल तर टाकी रिकामी करून, पोत्याने गुंडाळून, आरसीची प्रत घेऊन या. पेट्रोल ठेवून आलेल्या गाड्या परत पाठवाव्या लागतात.

पावसाळ्यासाठी वेगळी सूचना. कृष्णा-पंचगंगेला पूर आला की सगळ्यात आधी मिरज-कोल्हापूर तुकडा बंद होतो, कारण रुकडीजवळ पंचगंगेच्या पुलाला पाणी लागतं. 2019 मध्ये झालं, 2021 मध्येही झालं. तेव्हा गाड्या मिरजेपर्यंतच येतात आणि तिथूनच परत फिरतात. 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढलं आणि निम्मं शहर पाण्याखाली होतं. त्यामुळे पुराच्या दिवसांत गाडी चालू आहे का हे बघण्याबरोबर तुमच्या घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता चालू आहे का हेही बघा. गाडीची खरी वेळ एनटीईएसवर, म्हणजे रेल्वेच्या गाड्यांची चालू स्थिती दाखवणाऱ्या अ‍ॅपवर, बघा, पुढे पाठवलेल्या निरोपांवर विसंबू नका.

शेवटी तुम्ही विचारलंय की एखाद्या गाडीला सांगलीला थांबा हवा असेल तर काय करावं. रेल्वे सहसा आधी सहा महिन्यांसाठी प्रायोगिक थांबा देते आणि त्या काळातली तिकीटविक्री बघून तो कायम करायचा की काढायचा ते ठरवते. अर्ज पुणे विभागाच्या रेल्वे व्यवस्थापकांच्या नावाने करावा, आणि त्याची प्रत खासदारांना व विभागीय रेल्वे वापरकर्ता सल्लागार समितीतल्या आपल्या भागातल्या सदस्याला द्यावी. अर्जात "जनतेची तीव्र मागणी आहे" एवढंच लिहून भागत नाही. कोणती गाडी, कोणता वार, त्या वेळेला सांगलीचा फलाट मोकळा असतो का, आधीच्या आणि पुढच्या थांब्यामध्ये किती अंतर आहे, कोणत्या कॉलेजचे, दवाखान्याचे, मार्केट यार्डातले लोक ती वापरतील, हे लिहा. फलाट मोकळा आहे का ते स्टेशनवर विचारलंत तर मास्तर सांगेल. आणि थांबा मिळाला की पहिल्या दिवसापासून तिकीट सांगलीचंच काढा, परतीचंही. सहा महिने कसे जातात ते कळत नाही.